पॅच खूप, तपासणारे थोडे

मुक्त सॉफ्टवेअरमधली एखादी चूक कोणाच्या तरी नजरेस पडते, आणि पुढे कधीतरी तिची दुरुस्ती आपल्या संगणकावर येऊन पोचते. या दोन्हींच्या मध्ये एक रांग असते. रांगेत बग रिपोर्ट असतात, पॅच म्हणजे पाठवलेल्या दुरुस्त्या असतात, ‘अजून काही झालं नाही का?’ असे विचारणारे वापरकर्ते असतात. रांगेच्या तोंडाशी बसलेली माणसे मात्र मोजकी. लहान प्रकल्पात बहुधा एकच, आणि तोही दिवसाची नोकरी उरकून रात्री बसणारा. ही रांग कशी लावायची, कोणाला आधी घ्यायचे, कोणाला दुरुस्तीसाठी परत पाठवायचे आणि कोणाला सरळ नाही म्हणायचे, हा प्रश्न मोठ्या प्रकल्पांना गेली तीसेक वर्षे पडलेला आहे. प्रत्येकाने त्याचे उत्तर वेगळे काढले.

पाहणारे डोळे भरपूर असले की चूक फार काळ लपत नाही, असा विचार एरिक रेमंड यांनी १९९७ साली मांडला आणि तो मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी बसला. विचार चुकीचा नाही, अपुरा आहे. पाहिलेले ऐकून घेणारा, पडताळून पाहणारा आणि ‘हे बरोबर, हे घेतो’ असे म्हणून जबाबदारी अंगावर घेणारा कोणीतरी लागतो. चुका शोधणाऱ्यांची वाण सहसा पडत नाही, पॅच लिहिणारेही मिळतात. वाण पडते ती तपासणाऱ्याच्या वेळेची. पुढे ज्या पद्धतींचा आढावा घेतला आहे त्या सगळ्या मला हा वेळ वाटून देण्याच्या पद्धती वाटतात, आणि त्याच मापाने मी त्या तपासल्या आहेत.

मुळात पॅच हा प्रकार दूरवरच्या माणसांना एकत्र काम करता यावे म्हणूनच रुजला. दोन फायलींमधला फरक दाखवणारे ‘डिफ’ युनिक्सवर सत्तरच्या दशकातच आले होते. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ हा प्रोग्रॅम लिहिला. तो फरकाची फाईल वाचतो आणि मूळ कोडमध्ये बदल बसवतो. बदललेल्या ओळींच्या आजूबाजूच्या ओळीही फरकाबरोबर येत असल्याने मूळ फाईल मध्यंतरी थोडी सरकली असली तरी बदल जागेवर बसतो. त्यामुळे अख्खा प्रोग्रॅम पाठवायची गरज उरली नाही, चार ओळींची दुरुस्ती ईमेलने जगभर जाऊ लागली. पाठवणे सोपे झाले आणि ढीग तिथूनच वाढू लागला.

लिनक्स कर्नलचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तिथे हा ढीग जवळजवळ कोसळला होता. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी काम सुरू केले तेव्हा पॅच त्यांनाच मेल करायचा आणि ते तो हाताने बसवायचे. नव्वदीच्या शेवटाला पॅच हरवू लागले. पाठवणाऱ्याला उत्तरच यायचे नाही. नाकारला म्हणावे तर तसे कोणी कळवलेले नसे, आणि मेल पाहिली तरी गेली की नाही हेही समजत नसे. लोक तोच पॅच पुन्हा पुन्हा पाठवत, त्याने ढीग आणखी वाढे. २००२ च्या सुरुवातीला एक सूचना पुढे आली: छोटे पॅच गोळा करून लिनस यांच्याकडे नेणारा एक स्वतंत्र माणूस नेमावा. लिनस यांनी ती मानली नाही. आपण मोजक्या विश्वासू माणसांकडूनच बदल घेतो, त्या माणसांनी पुढच्यांकडून घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे. मला हे उत्तर त्या सूचनेपेक्षा शहाणपणाचे वाटते. नेमलेला एक माणूस काही महिन्यांत स्वतःच नवा अडथळा झाला असता.

त्याच वर्षी लिनस यांनी कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारे बिटकीपर हे साधन वापरायला घेतले. २००५ मध्ये त्याची मोफत परवानगी गेली तेव्हा एप्रिल महिन्यात काही दिवसांत ‘गिट’चा पहिला अवतार लिहून काढला. आज जगभर वापरले जाणारे हे साधन पॅचच्या रांगेतूनच जन्माला आले.

कर्नलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक साधी मजकुराची फाईल आहे. कोडचा कोणता भाग कोण सांभाळतो, पॅच कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, हे तिच्यात लिहिलेले असते. आपला पॅच एका छोट्या स्क्रिप्टला दिला की तो कोणाला पाठवायचा ती नावे समोर येतात. मेलच्या विषयात ‘पॅच व्ही३ २/७’ असे काही दिसते: सात तुकड्यांच्या मालिकेतला दुसरा तुकडा, आणि ही मालिका तिसऱ्यांदा सुधारून पाठवलेली आहे. तपासणारा ओळीखाली ओळ लिहून उत्तर देतो. पॅच स्वीकारला की खाली नावांची उतरंड लागते, कोणी कळवला, कोणी तपासला, कोणी चालवून पाहिला. मूळ बग कोणत्या कमिटमुळे, म्हणजे आधी नोंदल्या गेलेल्या कोणत्या बदलामुळे, आला तेही लिहिले जाते. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ २००४ मध्ये आली. कोडच्या मालकीवरून एससीओ कंपनीने कोर्टकचेऱ्या सुरू केल्या होत्या, तेव्हा प्रत्येक बदल कोणाच्या हातून आला याचा माग राहावा म्हणून.

या शिस्तीचा फायदा बग शोधताना कळतो. प्रत्येक पॅचने एकच गोष्ट करायची आणि प्रत्येक पॅचनंतर कर्नल बांधता आला पाहिजे, असा दंडक आहे. नवशिक्याला तो जाचक वाटतो. पण समजा मागच्या व्हर्जनमध्ये चालणारे वायफाय या व्हर्जनमध्ये बंद पडले, आणि मधल्या काळात हजार बदल झाले आहेत. ‘गिट बायसेक्ट’ आधी बरोबर मधला बदल काढून देतो. तो बांधा, चालवा, वायफाय चालते का सांगा. मग उरलेल्या अर्ध्यातला मधला. साधारण दहा फेऱ्यांत हजारातला दोषी बदल हाती लागतो. हे करायला सी भाषा यावी लागत नाही, चिकाटी लागते. पॅच एकमेकांत गुंतलेले असते तर ही युक्ती चाललीच नसती. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवे व्हर्जन, त्यात पहिले दोन आठवडे नवे बदल घेण्याचे आणि उरलेले फक्त दुरुस्तीचे, आणि एका व्हर्जनमध्ये दहा हजारांहून अधिक बदल. एवढे ओझे हा प्रकल्प उचलतो तो या शिस्तीच्या बळावर.

बग रिपोर्टच्या बाबतीत मात्र कर्नलचे घर तितके नीटनेटके नाही. त्यांची बगझिला, म्हणजे बग नोंदवायची वेबवरची व्यवस्था, आहे, पण अनेक भागांचे मेंटेनर तिकडे फिरकत नाहीत. थेट मेल करा, असे प्रकल्पाची मार्गदर्शिकाच सांगते. नव्या माणसाने मेहनतीने भरलेला फॉर्म कोणी उघडतच नाही, ही मला या प्रकल्पातली सर्वांत मोठी उणीव वाटते. जी जागा पाहिली जात नाही ती बंद करावी, किंवा तिथे तसा फलक तरी लावावा.

डेबियनने नेमका हाच भाग चांगला केला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या लिनक्स वितरणाच्या प्रकल्पाची बग नोंदवण्याची व्यवस्था पहिल्यापासून ईमेलवर चालते. खाते उघडायला नको, पासवर्ड नको. प्रत्येक बगला क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाचाच पत्ता होतो, आणि त्यावर मेल केली की ती नोंदीत जाऊन बसते. २०२१ च्या अखेरीस हे क्रमांक दहा लाखांच्या पुढे गेले. ‘रिपोर्टबग’ नावाचे साधन पॅकेजचे व्हर्जन आणि त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजेसची व्हर्जने स्वतःच भरते, आणि याच पॅकेजचे आधीचे रिपोर्ट दाखवून ‘यातला तुमचा आहे का?’ असे विचारते. हा एक प्रश्न मेंटेनरचे किती तास वाचवत असेल!

डेबियनची खरी हुशारी गांभीर्याच्या पायऱ्यांत आहे. क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर आणि विशलिस्ट, अशा सात पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीची व्याख्या लिहिलेली आहे. ज्याचे काम अडले त्याला आपला बग सगळ्यात गंभीर वाटणारच. इथे वाद भावनेवरून व्याख्येवर येतो. पॅकेज वापरताच येत नाही का? माहिती नष्ट होते का? वापरणाऱ्याच्या खात्यात शिरता येईल असे सुरक्षेचे भगदाड पडते का? यातले काहीच नसेल तर ‘ग्रेव्ह’ नाही. आणि वरच्या तीन पायऱ्यांना वजन आहे: तसे बग उरले असतील तर पॅकेज पुढच्या स्थिर आवृत्तीत जात नाही किंवा आवृत्तीच थांबते. ‘तयार झाल्यावर येईल’ हे डेबियनचे धोरण या यादीवर चालते. यादी लांबली की लोक एखाद्या शनिवार-रविवारी एकत्र बसून बग निपटतात, आणि मूळ मेंटेनर गप्प असेल तर दुसरा डेव्हलपर आगाऊ सूचना देऊन दुरुस्ती चढवू शकतो. पॅकेज माझे असले तरी रांग सगळ्यांची, ही समजूत डेबियनमध्ये मुरली आहे.

मोझिलाची बगझिला १९९८ मध्ये आली. टेरी वाईसमन यांनी लिहिलेले हे साधन पुढे जीसीसी, केडीई, लिबरऑफिस अशा अनेकांनी घेतले. नवा, नेमून दिलेला, सुटलेला, पडताळलेला हा बगचा प्रवास आपल्याकडच्या आयटी कंपन्यांतही ओळखीचा झाला, त्याचे मोठे श्रेय बगझिलाला जाते. तिथली मला महत्त्वाची वाटणारी सवय मात्र वेगळीच आहे: पॅच तपासायची विनंती ठराविक माणसाच्या नावाने करायची आणि त्याच्या होकाराशिवाय पॅच आत जायचा नाही. सगळ्यांना उद्देशून केलेल्या विनंतीला कोणीच उत्तर देत नाही, हे ज्याने कधी सोसायटीच्या ग्रुपवर मदत मागितली आहे त्याला सांगायला नको.

आता पोस्टग्रेसक्यूएल. हा जगातल्या मोठ्या डेटाबेसांपैकी एक, आणि त्याच्याकडे नेहमीच्या अर्थाने बग ट्रॅकरच नाही. फॉर्म भरला की रिपोर्टला क्रमांक पडतो आणि तो मेलिंग लिस्टवर जातो, पुढे जे होईल ते तिथल्या चर्चेत. उघडा-बंद अशी स्थिती नाही, नेमणूक नाही. ऐकायला अव्यवस्था वाटते, पण चालते, कारण त्या लिस्टवर जुनी जाणती माणसे रोज असतात आणि खरा बग असेल तर त्याचे उत्तर सहसा लवकर येते. हे सगळ्यांनी उचलावे असे मी म्हणणार नाही. माणसे आहेत तोवर ही पद्धत आहे.

पॅचसाठी मात्र त्यांनी ‘कमिटफेस्ट’ नावाची शिस्त बसवली. वर्षभरात ठराविक महिने फक्त इतरांचे पॅच तपासण्यासाठी राखलेले. या काळात आपले नवे काम बाजूला ठेवायचे. प्रत्येक पॅचची नोंद असते: लेखक कोण, तपासणारे कोण, आणि तो सध्या कुठे अडला आहे, तपासणीसाठी थांबला आहे, लेखकाकडे परत गेला आहे की कमिट करायला तयार आहे. एक व्यवस्थापक त्या महिन्यापुरता सगळ्यांच्या मागे लागतो. आणि नियम असा की जो पॅच पाठवेल त्याने तेवढ्याच तोलामोलाचा दुसऱ्याचा पॅच तपासावा. वेळेच्या टंचाईवरचे इतके सरळ उत्तर मी दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात पाहिले नाही. घेणाऱ्याने द्यायचेही. एंटरप्राइझडीबीसारख्या कंपनीचे कार्यालय पुण्यात आहे आणि तिथले अभियंते या प्रकल्पात पॅच देतात, तपासतातही. तेव्हा ही शिस्त आपल्यालाही परकी नाही. तिचाही त्रास आहे. काही पॅच एका फेस्टमधून दुसऱ्यात असे वर्षानुवर्षे ढकलले जातात, कारण ‘हे आम्हाला नको’ असे म्हणायचे धाडस कोणी करत नाही. नकाराने माणूस दुखावतो हे खरे. पण लवकर मिळालेला नकार त्याचे वर्ष वाचवतो.

२००८ मध्ये गिटवर आधारलेले गिटहब हे संकेतस्थळ आले आणि ‘पीआर टाकणे’, म्हणजे आपला बदल घ्या अशी विनंती पाठवणे, हे कॉलेजच्या मुलांच्याही बोलण्यात आले. दार मोठे झाले हे निःसंशय चांगले झाले. पायथॉनने २०१७ मध्ये कोड आणि २०२२ मध्ये बगही तिकडे नेले, जुन्या नोंदी सांभाळून नेले. पण गिटहबवर एक सवय बोकाळली आहे, तिला माझा विरोध आहे. काही महिने कोणी बोलले नाही की बॉट येऊन इश्यू, म्हणजे बगची नोंद, बंद करतो. त्याने उघड्या इश्यूंचा आकडा कमी होतो, बग होता तिथेच राहतो, आणि मन लावून रिपोर्ट लिहिणारा पुन्हा लिहीत नाही. जुना रिपोर्ट बंद करायचा तर माणसाने नव्या व्हर्जनवर तपासून बंद करावा.

रांगेच्या अव्यवस्थेची किंमत किती मोठी असू शकते, याचे दोन दाखले या क्षेत्रातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावेत. पहिला डेबियनचाच. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या काही ओळींवर एक तपासणी साधन तक्रार करत होते. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमधून त्या ओळी काढल्या गेल्या. मूळ प्रकल्पाच्या लिस्टवर विचारणा झाली होती, पण प्रत्यक्ष पॅच त्या कोडच्या जाणकारांसमोर नीट तपासणीसाठी गेला नाही. त्या ओळींबरोबर किल्ली तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ संपली. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या उरल्या जेमतेम बत्तीस हजार, म्हणजे कोणीही सगळ्या करून पाहाव्यात इतक्या. मे २००८ मध्ये हे उघड झाले तेव्हा जगभर सर्व्हरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. पॅच लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता. पॅच योग्य माणसाच्या नजरेखालून गेला नाही, एवढेच.

दुसरा दाखला जास्त अस्वस्थ करणारा आहे. ‘एक्सझेड’ हे फाईल आवळण्याचे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते आणि ते एकटा माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यावर तगादा लावला: पॅच पडून आहेत, प्रकल्प पुढे जात नाही, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. तो थकलेला होता, त्याने तसे लिहिलेही. ‘जिया टॅन’ या नावाने बराच काळ निमूटपणे चांगले पॅच देणाऱ्याकडे हळूहळू अधिकार गेले, आणि २०२४ मध्ये त्याच नावाने ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदार घुसवले. ते सापडले आंद्रेस फ्रॉइंड यांना. ते पोस्टग्रेसचे डेव्हलपर. एसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळवले. इथे रांगेचा हत्यार म्हणून वापर झाला. ‘माझा पॅच कधी घेणार?’ हा रोज कुठे ना कुठे विचारला जाणारा प्रश्न कोणीतरी जाणूनबुजून दाब म्हणून वापरला. एकट्या मेंटेनरवर वापरकर्त्यांनी ओरडू नये, हा मला यानंतर केवळ सभ्यतेचा मुद्दा वाटत नाही. तो सुरक्षिततेचाही आहे.

तपासणाऱ्याच्या विश्वासाशी खेळणे वेगळ्या मार्गानेही झाले. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग म्हणून मुद्दाम सदोष पॅच कर्नलकडे पाठवले. २०२१ मध्ये प्रकरण पेटले, विद्यापीठातून येणारे पॅच काही काळ बंद झाले आणि तिथून पूर्वी आलेले चांगले पॅचही लोकांना पुन्हा तपासत बसावे लागले.

अलीकडे ढिगात यंत्रांची भर पडली आहे आणि तिच्यात दोन तऱ्हा दिसतात. गूगलचा ‘सिझबॉट’ कर्नलवर अहोरात्र वेडेवाकडे इनपुट मारतो, हजारो बग त्याने काढले. पण जमेल तिथे तो बग पुन्हा घडवून दाखवणारा छोटा प्रोग्रॅम सोबत देतो आणि दुरुस्ती झाली की नोंद मिटवतो. दुसरी तऱ्हा ‘कर्ल’ या नेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याच्या साधनाच्या वाट्याला आली. सुरक्षेच्या बगसाठी हा प्रकल्प २०१९ पासून बक्षीस देत असे. भाषा-मॉडेलकडून लिहून घेतलेले, वरकरणी अभ्यासपूर्ण पण आत काहीच नसलेले रिपोर्ट येऊ लागले, त्याबद्दल कर्लचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ पासून वारंवार लिहिले, आणि जानेवारी २०२६ च्या अखेरीस बक्षीस योजनाच थांबवली. खोटा रिपोर्ट लिहायला मिनिट पुरते; तो खोटा आहे हे सिद्ध करायला जाणकाराची संध्याकाळ जाते. यंत्राला दोष देऊन भागणार नाही. आपण स्वतः पडताळले नाही ते दुसऱ्याच्या रांगेत टाकू नये, हा नियम माणूस आणि यंत्र दोघांनाही सारखाच लागू व्हावा.

या सगळ्यांत ज्यांचे नाव फारसे कुठे येत नाही ते म्हणजे ट्रायेज करणारे. आलेला रिपोर्ट वाचायचा, जुन्यांशी ताडून पाहायचा, आपल्या संगणकावर घडवून पाहायचा, हवी ती माहिती मागायची आणि योग्य भागाकडे ढकलायचा. लिबरऑफिससारख्या प्रकल्पात हे काम करणारे अनेक जण प्रोग्रॅमर नाहीत. आणि मराठी माणसाला इथे मोठी जागा मोकळी आहे.

‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला आडवा र कधीकधी तुटतो, किंवा त्या जागी रफार येतो. ‘मराठी नीट दिसत नाही’ असा रिपोर्ट गेला तर परदेशातल्या डेव्हलपरला त्यातून काही कळणार नाही. आधी मजकूर पाहावा. साधा र, हलन्त आणि ह असे टंकले असेल तर रफार येणे नियमाप्रमाणे आहे, तो बग नव्हे. आडव्या रसाठी ऱ आणि हलन्त लागतो, किंवा र, हलन्त आणि न दिसणारी जोडखूण. दोन्ही पडद्यावर सारखे दिसतात, पण एक लिहून दुसरे शोधले तर सापडत नाही, आणि हा खुद्द वेगळा बग असू शकतो. मग फाँट बदलून पाहावा. फक्त एकाच फाँटमध्ये बिघडत असेल तर दोष बहुधा फाँटचा, आणि रिपोर्ट फाँटवाल्यांकडे जावा. पुण्यात रेड हॅटमध्ये ज्यावर वर्षानुवर्षे काम झाले त्या ‘लोहित’सारख्या फाँटना असेच सुधारत नेले गेले. सगळे फाँट एकाच प्रोग्रॅममध्ये बिघडत असतील तर दोष त्या प्रोग्रॅमचा. सगळीकडेच बिघडत असेल तर अक्षरांची जुळणी करणाऱ्या ‘हार्फबझ’पर्यंत जावे लागेल. लिबरऑफिस २०१७ च्या ५.३ व्हर्जनपासून सर्व ठिकाणी तेच वापरते. हे तीन प्रयोग, व्हर्जनचे आकडे, प्रत्यक्ष मजकूर, आणि हवे तसे व दिसते तसे अशी दोन चित्रे, एवढे दिले की रिपोर्ट रांगेत पडून राहण्याचे बरेचसे कारणच संपते. मराठी न वाचणाऱ्यालाही दोष समोर दिसतो.

पुढच्या वेळी असे काही बिघडलेले दिसले तर व्हॉट्सअपवर स्क्रीनशॉट टाकून थांबू नका. त्या प्रकल्पाच्या नोंदी उघडा, तोच बग आधी कोणी कळवला आहे का पाहा. असेल तर नवा टाकू नका. तुमच्या व्हर्जनवर तो अजून येतो की गेला, एवढे त्याखाली लिहा. आणि तिथवर गेलाच आहात तर मराठीशी संबंधित जुन्या, कोणी न हात लावलेल्या चार नोंदीही करून पाहा, आणि जे दिसेल ते लिहून ठेवा.